फॉर्म्युलाज की फॉर्म्युली?

भाचीने परवा प्रबंधाचा मसुदा वाचायला दिला. ‘फॉर्म्युला’चं अनेकवचन एका पानावर ‘फॉर्म्युलाज’, पुढच्याच पानावर ‘फॉर्म्युली’. “मामा, यातलं कुठलं ठेवू?” इंग्रजीत दोन्ही बरोबर. एकाच मजकुरात दोन्ही मात्र नकोत.

लक्षात ठेवायला अर्थातच शेवटी ‘एस’ किंवा ‘ईएस’ जोडणं सोपं. ‘फॉर्म्युली’सारख्या लॅटिन रूपांसाठी शब्दाचं कूळ माहीत हवं, आणि घसरायला होतं ते तिथेच. ‘सिलॅबस’चं ‘सिलॅबाय’ होतं म्हणून ‘ऑक्टोपस’चं ‘ऑक्टोपाय’ करायला गेलात, तर तो शब्द निघतो मूळचा ग्रीक! ‘व्हायरस’ खरा लॅटिन, पण इंग्रजीत तोही ‘व्हायरसेस’च. शंका आली की ‘एस’ लावून मोकळं व्हावं.

अर्थाच्या बाबतीत मात्र लॅटिन रूप कामाला येतं. झुरळाच्या मिशा ‘अँटेनी’, गच्चीवरच्या ‘अँटेनाज’. गणितातले घातांक ‘इंडिसीज’, पुस्तकांच्या शेवटच्या सूची बहुधा ‘इंडेक्सेस’.

काही शब्दांत निवडीला वावच नाही: ‘क्रायसिस’चं ‘क्रायसीज’च. ‘क्रायटेरिया’ तर आधीच अनेकवचन (एकवचन ‘क्रायटेरियन’), तरी मसुद्यात ‘क्रायटेरियाज’ होतंच. म्हणजे आपण ‘लोकं’ म्हणतो, तसलाच प्रकार.

रोजची ईमेल, अर्ज, बातमी यांना ‘एस’ पुरे. शोधनिबंधात त्या विषयातले लोक वापरतात ते रूप घ्यावं. भाचीचा विषय गणित, तिने ‘फॉर्म्युली’ ठेवलं.