अलिबागचे फोटो: सकाळी की सनसेटला?

भाचीचा साखरपुडा झाला आणि लगेच फोन: "मामा, प्री-वेडिंग अलिबागला. सकाळी काढू की सनसेटला?"

आधी उजेड. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो मात्र जमिनीकडून. त्यामुळे सकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की कोवळं ऊन थेट चेहऱ्यावर. साडीचा रंग खरा येतो. संध्याकाळी तेच ऊन पाठीमागून. आकाश केशरी, पण चेहरे काळपट. फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर धरणारा माणूस हवाच. शिवाय सूर्य टेकायला आला की हातात जेमतेम वीस मिनिटं. त्यात फेटा सुटला तर संपलंच!

गर्दीचं काय सांगू? रविवारी संध्याकाळी प्रत्येक फोटोत मागून घोडागाडी जाते.

खर्च सकाळचा जास्त, आदल्या रात्रीचा मुक्काम आला. संध्याकाळचं मुंबईहून एका दिवसात उरकतं. मांडव्याहून परतीची शेवटची बोट किती वाजता, तेवढं विचारून ठेवा.

ओहोटीची वेळ दोन्हीकडे बघा, ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ओल्या वाळूत प्रतिबिंब झकास पडतं.

चेहरे, दागिने दिसायला हवेत किंवा जोडी लाजरी असेल तर सकाळ. पत्रिकेसाठी सावल्यांचा एकच झोकदार फोटो हवा असेल तर संध्याकाळ. आमची भाची आठच्या आत उठत नाही, ते वेगळं.