बारसूच्या सड्यावर सोल सुटला: ट्रेकिंग बुटांचा वर्षभराचा अनुभव

बूट घ्यायला जाल तेव्हा मापाच्या आधी डब्यावरची तारीख बघा. निर्मितीचा महिना आणि वर्ष छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे ते डब्यावर असायलाच हवं. आमच्या डब्यावर २०२० होतं. आम्ही बूट घेतले २०२४ च्या दिवाळीत, सेलमध्ये. पुढच्या फेब्रुवारीत कोकणात बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, नवऱ्याच्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटून लोंबायला लागला. चार वर्षं पडून राहिलेला माल ‘खास सवलत’ म्हणून आमच्या गळ्यात मारला, याचा राग अजून गेलेला नाही.

वजन, वॉटरप्रूफ पडदा वगैरे सगळीकडे लिहिलेलं आहे, ते परत सांगत नाही. नवऱ्याचे चामड्याचे, घोट्याच्या वरपर्यंतचे, सवलतीनंतर सहा हजार आठशेचे. माझे जाळीचे, बुटके, अडीच हजारांच्या आतले. दोन्ही जोड घेतले ते जैसलमेरसाठी.

डिसेंबरात खुरीच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याचे बूट उत्तम चालले. वाळू आत जात नव्हती, उतारावर घोटा मुरगळायची भीती नव्हती. माझ्या जाळीतून मात्र बारीक वाळू आत यायची आणि सारखं बसून बूट झटकावे लागायचे. जैसलमेरजवळच आकलला अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडांची दगड झालेली खोडं बघत फिरलो, तिथेही त्याला काही त्रास नाही. परत आल्यावर बहिणीला मी चामड्याचेच घे म्हणून सांगितलं होतं. आता सांगणार नाही.

फेब्रुवारीत रत्नागिरीहून सागरी मार्गाने गाडी काढली. उजाडताना सडा, ऊन चढायच्या आत खाली, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी समुद्र, असा बेत होता. दोघांच्या सहलीसाठी मला हा क्रम फार आवडला. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी शांत बसलो, पूर्णगडावरून मुचकुंदीची खाडी बघितली आणि कशेळीला मुक्काम केला. घरगुती जेवणात कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी होती. त्यानंतर ओसरीवर जी झोप लागली, तिच्यासाठी मी परत जाईन.

आता सडा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी फेब्रुवारीत सड्यावर उभं राहिलं की वाळवंटात आल्यासारखं वाटतं. जांभा सच्छिद्र, वर मातीचा थर नावापुरता, त्यामुळे मोठं झाड नाही आणि सावली नाही. काळपट कातळ तापला की उष्णता खालून पायाला लागते. कातळाला भोकं, त्यांच्या कडा धारदार, आणि वर सुटे लाल खडे. अशा जमिनीवर आपल्या पूर्वजांनी कशेळीला सुमारे अठरा मीटरचा हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात आणखी प्राणी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या कातळशिल्पांची जी ठिकाणं गेली, त्यांत कशेळी आहे, बारसू आहे आणि देवाचे गोठणेही आहे. गोठण्याला भार्गवरामाच्या देवळावरच्या सड्यावर होकायंत्राची सुई भरकटते, ते बघायला मुद्दाम जा. आणि कृपा करून कोरलेल्या रेषांवर बूट घालून चढू नका.

सड्यावर खरा छळ केला कुसळांनी. जाळीच्या बुटांचं परीक्षण करणारे कोणीही हे का लिहीत नाहीत, मला कळत नाही. पावसाळ्यानंतर गवत वाळलं की त्याची कुसळं जाळीत टोकाने शिरतात, मोज्यातून आरपार जातात आणि प्रत्येक पावलाला आणखी आत सरकतात. बाहेरून ओढली तर मोडतात आणि टोक आतच राहतं. कशेळीच्या ओसरीवर मी चिमटा घेऊन बसले होते. त्याच्या चामड्यावर एकही कुसळ टिकलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझं मत पक्कं झालं होतं, की जाळीचे बूट कोकणासाठी नाहीतच.

दुसऱ्या दिवशी बारसू. दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस कोरलाय, तिथून परतताना सोल सुटला. सोल आणि बूट यांच्यामधला मऊ थर बोटाने दाबला तर त्याचा भुगा होत होता. गोंद शाबूत होता, थरच मेला होता. नाडी सोलखालून गुंडाळून तो गाडीपर्यंत आला आणि पुढचा सगळा प्रवास, विजयदुर्गाचा किल्लासुद्धा, त्याने चपलांवर केला.

अशा बुटांत हा मधला थर पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचा असतो. हवेतली वाफ त्यात मुरते आणि ती त्याला आतून तोडत जाते. बूट न वापरता डब्यात ठेवले तरी हे होतंच, आणि दमट हवेत लवकर होतं. किनारपट्टीवरच्या दुकानात चार पावसाळे काढलेला जोड म्हणजे काय, याचा विचार करा. माझ्या स्वस्त बुटात ईव्हीए या दुसऱ्या जातीच्या फोमचा थर आहे. तो वापरून चेपतो, पण असा विरघळत नाही. ही माहिती दुकानात कोणी देत नाही.

सेवा केंद्राने फोटो बघून कळवलं, ‘समुद्राच्या पाण्यात वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही.’ बूट समुद्रात गेलेच नव्हते. किनाऱ्यावरच्या आमच्या प्रत्येक फोटोत दोघांच्या पायांत चपला आहेत. ते फोटो आणि डब्यावरची तारीख पाठवली, तर पुढच्या खरेदीवर वीस टक्के सवलत देऊ केली. म्हणजे त्याच दुकानात आणखी पैसे घालायचे. मी नाही म्हटलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, तरी हललं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, म्हणून रत्नागिरीतच तक्रार दाखल केली आहे. रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्या, असं खूप जणांनी सुचवलं. सहा हजार आठशे माझ्यासाठी लहान नाहीत.

मधल्या काळात बस स्टँडजवळ चपला शिवणाऱ्या काकांनी बूट उलटसुलट करून बघितला आणि नुसतं चिकटवायला साफ नकार दिला. ‘आतला भुगा काढल्याशिवाय काय उपयोग नाय.’ दोन्ही बुटांचा मधला थर खरवडून काढला, मायक्रोचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या हलक्या रबराचा, थर बसवला, खाली नवा रबरी सोल आणि कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई. साडेसहाशे रुपये. बूट थोडा जड झाला, शिलाईतून आता पाणी आत येतं, पण सुक्या जांभ्यावर पकड आधीपेक्षा चांगली आहे. काकांचं काम कंपनीच्या कामापेक्षा सरस आहे, हे मी मनापासून लिहितेय.

माझ्या जाळीच्या बुटांबद्दलचं मतही बदललं. शिंप्याकडून जुन्या जीनचे घोट्यावर बांधायचे पट्टे शिवून घेतले, बुटाच्या तोंडावरून नाडीपर्यंत येणारे. आता कुसळं जीनवरच अडतात, झटकली की पडतात. या पावसाळ्यात सीतेची आसवं फुललेली बघायला सड्यावर गेलो, तेव्हा बूट पूर्ण भिजले आणि पंख्याखाली एका रात्रीत वाळले. त्याच्या चामड्याच्या बुटांना आतून बुरशी आली, वर्तमानपत्र कोंबून आठवडाभर ठेवावे लागले. मात्र ओल्या, शेवाळलेल्या कातळावर दोन्ही जोड घसरतात. तिथे काठी घ्या.

आता कोणी विचारलं तर कोकणासाठी ईव्हीएचा थर, कडेने शिलाई मारलेला सोल आणि चालू वर्षाची तारीख, एवढंच सांगते. सेलमधला जोड असेल तर दुकानात मधला थर अंगठ्याने जोरात दाबून बघा आणि डबा जपून ठेवा. आयोगात आमच्याकडे पुरावा म्हणून बिल आणि तो डबाच आहे.