विदर्भाच्या उन्हात ओरायन: कॅम्परच्या विजेचा रोखठोक हिशोब

गाडीच्या टपावर सोलर टाकलं की विजेचं झालं, असं सगळेच सांगतात. सांगणारे बहुतेक थंड मुलखातले व्हिडिओवाले. त्यांना काळजी बॅटरी शून्य अंशाखाली गेली तर काय, याची. आमच्याकडे मार्च ते जून गाडी कुठे लावायची हे ठरलेलंच असतं: चिंचेखाली, कडुलिंबाखाली, सापडेल त्या सावलीत. गाडी सावलीत गेली की पॅनल उपाशी. पॅनलसाठी गाडी उन्हात ठेवली, तर आपण आत भाजून निघतो. म्हणून आमच्या जुन्या फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनमध्ये मी पहिला पैसा टाकला तो व्हिक्ट्रॉनच्या ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-३० या डीसी-डीसी चार्जरवर. पॅनल नंतर आलं.

मी हातमागाच्या साड्यांचे स्टॉल लावते. नागपूरहून अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, मधूनच रायपूर. रात्री गाडीतच मुक्काम, जमलं तर परतीच्या वाटेवर चिखलदरा नाहीतर मोहर्ली. म्हणजे गाडी रोज तीन-चार तास पळतेच. इंजिन चालू असताना अल्टरनेटर जी वीज बनवतो, तिच्यातून हा चार्जरचा निळा डबा आतल्या लिथियम बॅटरीला ३० अँपिअरपर्यंत करंट देतो, तिला हव्या त्या व्होल्टेजने. चार तास चाकं फिरली की १२० अँपिअर-अवरच्या आसपास जमा. इंजिन बंद झालं की तो आपोआप थांबतो, त्यामुळे सकाळी स्टार्टरची बॅटरी बसली आणि धक्का मारायला माणसं शोधा, हा प्रकार नाही.

हा डबा कशाला, सरळ वायर जोडून देतो, असं एक वायरमन म्हणाला होता. लेड-ॲसिडला ते चाललं असतं. लिथियम रिकामी असताना ओरबाडून करंट घेते आणि त्यात अल्टरनेटर जळू शकतो. मधला चार्जर तिला लगाम घालतो.

आता आमचा खर्च सांगते, कारण त्याशिवाय कुठल्याही आकड्याला अर्थ नाही. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज मे महिन्यात दिवसाला ६००-६५० वॉट-अवर खातो. रात्रभराचा बारा व्होल्टचा पंखा अडीचशे. दिवे, फोन, नवऱ्याचा लॅपटॉप आणि बिलाचा छोटा प्रिंटर धरून आणखी अडीचशे. बेरीज हजाराच्या वरच. १०० अँपिअर-अवरची लिथियम म्हणजे १२८० वॉट-अवर, जेमतेम एका दिवसाची सोय. आम्ही २०० घेतली. तेवढी वापरता येणारी वीज ट्युब्युलरमधून (घरच्या इन्व्हर्टरला असतात त्या लेड-ॲसिड बॅटऱ्या) काढायची तर पन्नास-साठ किलोच्या दोन-तीन बॅटऱ्या लागल्या असत्या, आणि मग साड्यांचे गठ्ठे काय डोक्यावर घेऊ?

एसीचा विषय एका वाक्यात संपतो: एक टनाचा एसी ही अख्खी बॅटरी दोन-अडीच तासांत चाटून पुसून मोकळी करतो. आम्ही बारा व्होल्टचा कूलर बसवला. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही. कोकणात मात्र तो निव्वळ दमट वारा फेकेल.

चार्जर चांगला, पण त्याची खरी परीक्षा बसवणाऱ्याच्या हातात. भंडारा रोडवरच्या एका बॉडीवाल्याकडे (नाव घेत नाही) काम दिलं होतं. बघायला गेले तर पुढच्या बॅटरीपासून मागच्या खणापर्यंत सहा चौरस मिलिमीटरची केबल ओढलेली, टोकं पिळून स्क्रूखाली दाबलेली, फ्यूज एकच आणि तोही चार्जरजवळ. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, घरात एसीला चारची वायर असते, इथे तर सहाची दिली!" घरात २३० व्होल्ट असतात, दादा. तिथे एक व्होल्ट पडला तर कोणाला कळतही नाही. इथे बाराच आहेत. पाच मीटर जाणं, पाच मीटर येणं, ३५ अँपिअर (३० द्यायला चार्जर तेवढे ओढतो): सहाच्या तांब्यात एक व्होल्टहून जास्त वाटेतच मुरतो, सोळाच्या केबलमध्ये तोच ०.४. शिवाय केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लावायला दोन्ही बाजू तयार. फ्यूज दोन्हीकडे हवेत, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ. मी ६० अँपिअरचे टाकले.

ते सगळं उचकटून काम सीताबर्डीतल्या एका छोट्या दुकानदाराकडे नेलं. त्याने हायड्रॉलिक क्रिम्परने लग (केबलच्या टोकाला बसणारे तांब्याचे डोळे) दाबले, एक लग कापून मला आतून दाखवला: तांब्याच्या तारा दाबून एकजीव झालेल्या, मध्ये पोकळी नाही. पत्रा ओलांडताना प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट. माणूस बोलायला तुसडा, पण असे हात मिळाले तर तुसडेपणाचे जास्तीचे पैसे द्यायला मी तयार आहे.

आता उन्हाचं. या ओरायनमध्ये पंखा नाही, नुसते ॲल्युमिनियमचे कंगोरे. कार्यक्षमता ८७ टक्के, म्हणजे पूर्ण जोरात चालताना पन्नासेक वॉट उष्णता बाहेर टाकतो. कंपनीच माहितीपत्रकात सांगते की ४० अंशांच्या वर दर अंशाला ३ टक्के क्षमता कमी धरा. नागपुरात मे महिन्यात बंद खणात ५० अंश ही काही विशेष गोष्ट नाही, म्हणजे ३० चे २१ अँपिअर झाले. आमच्या बॅटरीची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश, ती आणखी वेगळी डोकेदुखी. म्हणून चार्जर उभा लावला, वर-खाली मोकळी जागा ठेवली, बॅटरी पलंगाखाली मधोमध घेतली आणि खणाला जाळी देऊन थर्मोस्टॅटवर चालणारे दोन छोटे पंखे बसवले. खर्च किरकोळ, फरक मोठा.

पॅनलही तापतं. टपाला चिकटवलेलं पॅनल दुपारी ६५-७० अंशांवर जातं आणि पंधरा-सोळा टक्के वीज तिथेच गळते. आमचं चार बोटं उचलून लावलं आहे. स्टॉलच्या मैदानावर झाड नसेल त्या दिवशी ते फ्रिज सांभाळतं, तेवढं पुरे.

ॲपबद्दल तक्रार नाही. ब्लूटूथने जोडून लिथियमची सेटिंग निवडली की १४.२ व्होल्टपर्यंत भरून १३.५ वर थांबतो. एक लक्षात ठेवा: बॅटरीत किती टक्के उरलंय हे हा चार्जर सांगत नाही, त्यासाठी शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारं यंत्र, वेगळं घ्यावं लागतं.

किंमत डोळे पांढरे करणारी आहे, आणि गाडीची बॉडीच निगेटिव्ह असेल तर आयसोलेटेड मॉडेलवर (ज्यात दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह वेगळे असतात) जास्तीचे पैसे घालू नका, नॉन-आयसोलेटेड पुरतं. आज नव्याने घेणाऱ्याने मात्र आधी ओरायन एक्सएस १२/१२-५० बघावा. त्याची कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे उष्णतेचं अर्धं दुखणं मुळातच कमी. फक्त आपल्या अल्टरनेटरला ५० अँपिअर झेपतात का हे आधी मेकॅनिकला विचारा. नसतील झेपत तर ॲपमधून करंट कमी करून ठेवता येतो. केबल मात्र पन्नासाच्या हिशोबानेच ओढून घ्या.