एकटीने भूमध्य समुद्र: क्रूझ की रेल्वे?

रत्नागिरीची माझी आत्या निवृत्तीनंतर एकटीच बार्सिलोना, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स बघायला निघते आहे. जहाजाने जावं की रेल्वेने, यावर अडली आहे.

खर्च: केबिनचं भाडं दोघांच्या हिशोबाने असतं, त्यामुळे एकटीला बहुतेकदा बरंच जास्त पडतं. जेवण-मुक्काम त्यातच, टिप आणि बंदरावरच्या सहली सहसा वेगळ्या. रेल्वेत एका माणसाचं एकच तिकीट, पण हॉटेलं आपण शोधायची.

खरा फरक वेळेचा. वेळापत्रकात 'रोम' असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेकियाला, रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स'साठी लिव्होर्नो, तिथून सुमारे ९० किलोमीटर. जयगडला उतरवून रत्नागिरी दाखवण्यासारखंच हे, त्याहून लांब! स्वतःहून फिरायला गेलं आणि परतायला उशीर झाला, तर जहाज थांबत नाही. नेपल्सचं बंदर मात्र शहरातच आहे. तिथून पॉम्पेई, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन शहर, लोकल गाडीने जमतं.

श्रम: जहाजावर बॅग एकदाच उघडायची.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) दोन्हीकडे लागतो. जहाज मध्येच तुर्कस्तानला जाणार असेल तर मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे बाहेर पडून पुन्हा आत येता येईल असा घ्यावा.

गुडघे दुखत असतील, रात्री जेवायला सोबत हवी असेल, तर क्रूझ. आत्याला फ्लॉरेन्सचं उफीझी कलासंग्रहालय निवांत बघायचंय. तिने रेल्वेच धरावी.