घरी कोणता लावावा? काही चित्रपट, जोडीजोडीने

थिएटरात भारावून टाकणारा चित्रपट घरी लावला की कधी कधी हातातून निसटतो, आणि थिएटरात कधी पाहिलाच नव्हता असा एखादा जुना चित्रपट घरी सगळ्यांना धरून बसवतो. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत आणि पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री काय लावायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे असतं. समोर आई, गावाहून आलेली आत्या, दहावीतला भाचा आणि त्याची धाकटी बहीण. एवढ्या वेगवेगळ्या वयांना एकत्र चालेल असं शोधताना मी एकाच जातीचे दोन-दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहू लागलो. त्यातल्या काही जोड्या इथे देतो. नावं बहुतेक तुमच्या ओळखीची असतील, म्हणून कथा सांगत बसत नाही. दोघांपैकी घरी कोणता लावावा, एवढंच बोलतो.

माझी निवड ज्या त्रासामुळे ठरत गेली तो आधी सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक जोडीत तो येणार आहे. तो त्रास आवाजाचा.

अलीकडचा चित्रपट लावला की रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही. दोन माणसं स्वयंपाकघरात हळू आवाजात काहीतरी महत्त्वाचं बोलतात, म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी पार्श्वसंगीत अंगावर येतं. घाईघाईने कमी करावा, तर पुन्हा कुजबुज. आई पुढे वाकून विचारते, "काय म्हणाला रे तो?" तिला सांगेपर्यंत पुढचं वाक्य गेलेलं असतं, आणि आता दोघांचंही गेलेलं असतं. आतल्या खोलीत कुणी झोपलेलं असलं की मग संपूर्ण चित्रपट कमी आवाजातच, म्हणजे निम्मा न ऐकताच, पाहायचा.

हे का होतं ते थोडं समजून घेतलं तर निवड सोपी जाते. थिएटरात संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत आणि इतर आवाजांना बाजूच्या आणि मागच्या वाटा असतात. घरच्या साध्या टीव्हीला दोन छोटे स्पीकर, तेही पुष्कळदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. सगळ्या वाटा त्या दोघांत कोंबल्या की शब्द आणि संगीत एकमेकांवर चढतात. दुसरं म्हणजे, थिएटरात शांतता असते, म्हणून तिथे अगदी हलका आणि अगदी मोठा आवाज यांत पुष्कळ अंतर ठेवता येतं. घरात पंखा फिरतोय, खाली रिक्षा थांबलीये, शेजारी कुकरची शिट्टी होतेय. हलका आवाज यातच बुडतो. जुन्या चित्रपटांचा ध्वनी एकाच वाटेचा, फिल्मच्या कडेला छापलेला असे. त्यात फार हलकं आणि फार मोठं काही बसतच नसे. शिवाय आपल्याकडे संवाद बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत बोलून घेत. त्यामुळे शब्द सगळ्यात पुढे येतो आणि बाकी सगळं त्याच्या मागे राहतं.

हे मी कुठल्या यंत्राने मोजलेलं नाही. माझा कान आणि आईचा कान, एवढाच पुरावा. तुमच्याकडे चांगला साउंडबार किंवा वेगळे स्पीकर असतील तर माझं मत तुम्हाला थोडं बाजूला ठेवावं लागेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा किंवा रात्रीसाठीचा पर्याय असेल तर तो जरूर चालू करून पाहा. आमच्याकडे त्याने फरक पडला, पण त्रास पूर्ण गेला नाही.

आता राजकारण. जब्बार पटेलांचे दोन चित्रपट, दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची: 'सामना' (१९७५) आणि 'सिंहासन' (१९७९). निळू फुले आणि श्रीराम लागू दोन्हींत आहेत. 'सिंहासन'चा आवाका मोठा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तो घेतला आहे. मुख्यमंत्री, अर्थमंत्री, कामगार पुढारी, तस्कर, पत्रकार असं अख्खं शहर त्यात आहे. आजही बातम्या पाहताना त्यातली माणसं आठवतात. पण घरी पाहताना त्याची एक अडचण होते. पात्रं पुष्कळ आणि प्रसंग भराभर बदलणारे. मधेच फोन आला, कुणी दूध तापवायला उठलं, की परत आल्यावर कोण कुणाच्या गटातला हे पुन्हा सांगावं लागतं. एकट्याने, सलग पाहायचा असेल तर 'सिंहासन' अवश्य निवडा.

घरात चार माणसं असतील तर मी 'सामना' लावीन. साखर कारखान्याच्या आधारावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव (निळू फुले) आणि कुठून तरी आलेला, दारूच्या आहारी गेलेला म्हातारा मास्तर (श्रीराम लागू), अशी दोनच माणसं मध्यभागी. गावातल्या मारुती कांबळेचं काय झालं, हा एकच प्रश्न. उठून परत आलं तरी धागा तिथेच असतो. आणि आवाज! लागूंचा तो तुटक, दमलेला, तरीही प्रत्येक अक्षर ठेवून बोलणारा आवाज, आणि समोर निळूभाऊंचा मऊ, आपलेपणाने बोलताना जास्त भीती घालणारा. हा सगळा चित्रपट या दोन आवाजांत आहे. मिळणाऱ्या प्रती फिकट असतात, मधे मधे खरखर असते, हे खरं. पण रिमोट टेबलावर राहतो. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ साली हा स्पर्धा विभागात होता, हे भाच्याला सांगितल्यावर तो जरा सावरून बसला. नंतर मात्र त्याला काही सांगावं लागलं नाही. हिंदुराव वाईट आहे की नाही यावर आमच्याकडे जेवणाच्या ताटावर दुसऱ्या दिवशीही वाद चालू होता. आत्याचं म्हणणं होतं की गावात रस्ता, शाळा, कारखाना त्यानेच आणला ना. भाचा चिडला. असा वाद घरात पेटवणारा चित्रपट मला दुसरा पटकन आठवत नाही.

बंद खोलीतले चित्रपट घरासाठी फार चांगले. त्यातली प्रसिद्ध जोडी म्हणजे सिडनी ल्युमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणि बासू चटर्जींनी त्यावरून केलेला हिंदी 'एक रुका हुआ फैसला' (१९८६). खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला एका खोलीत बसलेल्या बारा पंचांचं हे मूळ कथानक रेजिनाल्ड रोझने १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठीच लिहिलं होतं, म्हणजे ते जन्मापासून घरच्या पडद्याचं आहे. ल्युमेटने कॅमेऱ्याने केलेली गोष्ट दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते. सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर, मग डोळ्यांच्या रेषेत, शेवटी खाली, आणि भिंगही बदलत गेलेलं, त्यामुळे खोली हळूहळू आवळत येते. छोट्या पडद्यावरही हे आवळणं जाणवतं. कारागिरीत हाच वरचढ, याबद्दल मला शंका नाही.

तरी कुटुंबासाठी माझा कल हिंदीकडे जातो. बारा माणसं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. ते इंग्रजीत, त्या काळच्या अमेरिकन उच्चारांत, पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या ओळी वाचत पाहताना आई-आत्यांची दमछाक होते. हिंदीत पंकज कपूर आणि अन्नू कपूर पाहताना कुणाला काही समजवावं लागत नाही. आपल्याकडे ज्युरीची, म्हणजे पंचांनी निकाल द्यायची, पद्धत १९५९ च्या नानावटी खटल्यानंतर मागे पडत गेली होती, त्यामुळे १९८६ च्या हिंदी चित्रपटात बारा पंच पाहून थोडं खटकतं. पण पहिल्या दहा मिनिटांत ते विसरायला होतं.

याच ओळीत चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) कुणी सुचवील, आणि सुचवायलाच हवा. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ओरिझोंती या नव्या वाटेच्या चित्रपटांच्या विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, इकडे राष्ट्रीय पुरस्कारही. लोकशाहिरावरचा खटला, मुंबईचं कनिष्ठ न्यायालय, आणि खटल्याबाहेर घरी जाणारी, भाजी घेणारी, जेवणारी वकील माणसं. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील मी विसरू शकत नाही. पण कॅमेरा दूर उभा असतो, माणसं खऱ्या न्यायालयात बोलतात तशी तोंडातल्या तोंडात, एकसुरी बोलतात, आणि नेमकी तीच वाक्यं ऐकायची असतात. हा मी रात्री उशिरा, हेडफोन लावून, एकट्याने पाहिला तेव्हा खरा पोचला. घोळक्यात लावू नका. चित्रपटावर अन्याय होतो.

मुलांसाठीची निवड मला सगळ्यात अवघड गेली. अविनाश अरुणचा 'किल्ला' आणि माजिद मजिदीचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७). 'किल्ला' आपला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावी आलेला मुलगा, नवी शाळा, नवे मित्र, पाऊस आणि समुद्र. बर्लिनला २०१४ मध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. भाषा आपली, गाव आपलं, अमृता सुभाषची आई आपल्या ओळखीची. म्हणजे निवड सोपी असायला हवी होती.

पण इथे पुन्हा तोच त्रास. 'किल्ला'तलं कितीतरी सांगणं पावसाच्या, लाटांच्या आवाजात आणि गप्प राहण्यात आहे, आणि आमच्या टीव्हीवर तो पाऊस नुसता एकसारखा सळसळाट होऊन राहिला. मुलगा आणि आई हळू बोलतात तिथे धाकटी भाची कंटाळून खेळायला लागली. तिला दोष देता येणार नाही.

'चिल्ड्रन ऑफ हेवन' फारसीत आहे, म्हणजे कुणालाच कळणार नाही असं वाटलं होतं. झालं उलट. बहिणीचे बूट हरवणारा भाऊ, मग दोघांनी एकच जोडी वाटून शाळेत जायचं, ही गोष्ट शब्दांवर फारशी चालतच नाही. मी खालच्या ओळी मराठीत मोठ्याने सांगत गेलो, आणि त्यामुळे सगळ्यांचं लक्ष उलट बांधलं गेलं. आत्यांना चष्मा लावून काही वाचावं लागलं नाही. दीड तासाच्या आत संपतो, हेही मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचं. शर्यतीच्या प्रसंगात भाची उठून उभी राहिली होती. 'किल्ला'ला मी कमी लेखत नाही. मोठा पडदा मिळाला तर मुलांना घेऊन तोच पाहा. घरी मात्र इराणी भावंडं लावा, आणि ओळी वाचून सांगायची तयारी ठेवा.

हसायचं असेल तर फार विचार नको. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आणि 'जाने भी दो यारो' (१९८३) दोन्ही घरी उत्तम चालतात. पहिला कुठूनही सुरू करा, पाहुणे अर्ध्यात आले तरी बिघडत नाही. दुसरा सुरुवातीपासून पाहावा लागतो, कारण शेवटी महाभारताच्या नाटकात उडणाऱ्या गोंधळातली गंमत आधीची माणसं ओळखीची झाल्याशिवाय पूर्ण येत नाही, आणि त्याच्या हसण्याखाली जे कडू आहे ते मोठ्या मुलांनी पाहायला हवं. लहान मुलं जागी असतील तर 'बनवाबनवी', झोपल्यावर 'यारो'.

राहिली भीती. 'तुंबाड' (२०१८) आणि हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४). दोघांची भीती वेगळ्या जातीची, तरी शनिवारी रात्री बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न असतो: अंगावर काटा आणणारं काही लावू या का? 'तुंबाड' डोळ्यांसाठी बनलेला आहे. तो ओला, काळोखा वाडा, कंदिलाचा तेवढाच उजेड. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, यातच त्याची जागा कुठे आहे ते कळतं. घरी दिवा चालू असेल तर पडद्यावर काळोखाऐवजी आपलीच खोली दिसते, आणि आवाजाचं तर विचारू नका.

'रिअर विंडो'त पाय मोडून खुर्चीत बसलेला छायाचित्रकार समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत पाहत राहतो, आणि आपण त्याच्याबरोबर. बहुतेक सगळे आवाज त्या चौकातलेच: कुणाचा पियानो, कुणाचं भांडण, कुणाचा रेडिओ. सोसायटीत किंवा चाळीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्या हॉलच्या खिडकीतून समोरच्या इमारतीतला उजेड दिसतो. तो दिसत असतानाच हा चित्रपट पाहिला, आणि आईने मधेच उठून पडदा ओढून घेतला. इंग्रजी असूनही तिने एकदाच विचारलं की कोण काय म्हणालं, कारण बाकी सगळं खिडक्यांतून दिसत होतं.

'तुंबाड'च हवा असं घरातल्या तरुण मंडळींनी ठरवलं असेल, तर अमावस्येची वाट पाहायची गरज नाही, पण दिवे सगळे मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि टीव्हीपासून नेहमीपेक्षा जवळ बसा. लहान मुलांना त्या रात्री आजीकडे झोपवा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, आत्या गावी परत जायच्या आत, 'सामना' लावा.