स्पेलिंग बदललं आणि जुनं सोलापूर सापडलं

दर जानेवारीत आमच्या शाळेत हुतात्मा दिनाचे फलक लागतात. यंदा आठवीतल्या एका मुलीनं कार्डशीटवर सुरेख अक्षरात लिहून आणलं, ‘१२ जानेवारी १९३० रोजी चौघांना फाशी’. “बाई, नेटवर पहिलं हेच आलं,” म्हणाली. मी विचारलं, “सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, कधी लागला?”

“मे १९३०.”

“मग त्याच आंदोलनातल्या चौघांना फाशी त्याच्या आधी कशी गं?”

ती फलकाकडे बघतच राहिली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले ते १२ जानेवारी १९३१ ला. आपल्या गावच्या या माणसांबाबत एका वर्षाचीही चूक मला सोसत नाही. म्हणून मुलांना सोबत घेऊन महिनाभर वेगवेगळी सर्च इंजिनं वापरून पाहिली.

मराठीत शोधायचं तर गूगलच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी आपल्याला काय हवंय ते त्याला कळतं. बोलून शोधता येतं, त्यामुळे टायपिंग न येणारी मुलंही मागे राहत नाहीत. रोजच्या कामाला एवढं पुरतं.

जुन्या सोलापूरची किल्ली मात्र स्पेलिंगमध्ये आहे. इंग्रजांच्या कागदांत आपल्या गावाच्या नावात एस नंतर एच येतो, म्हणजे ‘शोलापूर’. आजचं स्पेलिंग टाकलं की ते कागद बाजूलाच राहतात. मग आम्ही जुनं स्पेलिंग दुहेरी अवतरणचिन्हांत घातलं आणि इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात गेलो. तिथं एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसतं शोधलं तर पुस्तकांची नावं वगैरेच तपासली जातात, आतला मजकूर शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. शोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, तिथंच वाचायला मिळालं. त्यातले कापड विणण्याबद्दलचे उतारे मी वर्गात मराठीतून सांगितले. अर्ध्या वर्गाच्या घरी कुणी ना कुणी मागावर काम केलेलं, त्यामुळे वर्ग एकदम गप्प होऊन ऐकत होता.

शाळेचा कॉम्प्युटर सगळ्यांचा मिळून एकच, तिथं मी डकडकगो हे सर्च इंजिन लावून दिलंय. ते शोधणाऱ्याचा माग ठेवत नाही. फक्त त्याचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडूनच येतात, तेव्हा दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं म्हणून दोन साक्षीदार मिळाले असं धरू नका. पडताळायचंच असेल तर ब्रेव्ह सर्च बघा, त्याची वेबपानांची सूची स्वतःची आहे.

चीनमध्ये जाऊन युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसाठी एका मुलानं वेगळीच वाट काढली. विकिपीडियावरून त्यांचं चिनी नाव, के दिहुआ, चिनी अक्षरांत उचललं आणि तसंच शोधचौकटीत चिकटवलं. मराठीत शोधताना न दिसलेली चिनी पानं समोर आली. भाषांतराच्या बटणानं मोडकंतोडकं वाचलं. आपल्या सोलापूरचा डॉक्टर, १९४२ मध्ये अवघ्या ३२ व्या वर्षी गेलेला, आणि तिकडं चीनच्या शीज्याच्वांग शहरात त्याचा पुतळा. मुलं तो फोटो मोठा करकरून बघत होती.

त्या मुलीनं फलक नव्यानं केला. वर्ष बदललंच, शिवाय खाली बारीक अक्षरात तिनं आपणहून लिहिलं : ही तारीख कुठं कुठं ताडून पाहिली.