गुलशनाबादचं अत्तर, तोळ्याला १,२००

मे महिन्यात मी, नवरा आणि सासूबाई दोन दिवस नाशिकला गेलो होतो. काळाराम मंदिर, सीतागुंफा झाल्यावर रिक्षावाला म्हणाला, "ताई, अत्तराचा कारखाना दाखवू? बघायचे पैसे नाहीत." ऊन मी म्हणत होतं, सासूबाईंना कुठेतरी टेकायचं होतं. गेलो. आम्ही बाहेर येईपर्यंत तो थांबला आणि थांबायचे पैसेही मागितले नाहीत, तेव्हाच खटकायला हवं होतं.

आत भट्टीवर तांब्याचं डेग, म्हणजे मोठं भांडं, त्यातून निघालेली बांबूची नळी आणि पाण्याच्या हौदात बसवलेला भपका, म्हणजे वाफ गोळा करायचं भांडं. माणूस बोलायला गोड. मुघलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद. डेगमध्ये फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं. वाफ नळीतून भपक्यात उतरते, तिथलं चंदनाचं तेल सुगंध धरून ठेवतं. उत्तर प्रदेशात कनौजला अत्तर आजही असंच काढतात. मी घरी येऊन सगळं पडताळलं, यातलं काहीच खोटं नाही. म्हणून तर पुढचंही खरं वाटलं.

पुढचं म्हणजे, "हे आज पहाटेच्या गुलाबांचं." डेगला नुसता हात लावला असता तरी कळलं असतं. भट्टीत राखसुद्धा नव्हती, लिंपलेली माती वाळून तडकली होती. हे सगळं मला नंतर, फोनमधल्या फोटोत दिसलं!

मग त्याने कुपीतलं अत्तर मनगटाला चोळलं. "वहिनी, स्पिरिट असतं तर गार लागून उडून गेलं असतं." हेही खरंच. पण भेसळीला वापरतात ते पॅराफिनचं तेलही उडत नाही, हे तो कशाला सांगेल? तोळ्याला १,२००, चार बाटल्या घेतल्या तर ४,०००. घेतल्या. मनगटावरचा वास रात्रीपर्यंत टिकला. बाटल्यांतला मात्र अर्ध्या तासात गेला आणि मागे मेणबत्तीसारखा तेलकटपणा उरला. सासूबाईंचा भिशीला जातानाचा फाया वाया गेला.

हिशोब तिथेच करायला हवा होता. शुद्ध चंदन तेल किलोला लाखाच्या वर जातं, म्हणजे दहा ग्रॅमला नुसत्या तेलाचेच हजारावर होतात. गुलाब कुठून आणणार? तुम्हाला कोणी असं नेलंच, तर वास कुपीतला घेऊ नका. जी बाटली विकत घेणार तिचंच बूच उघडायला लावा, हाताला लावून तासभर फिरून या आणि बिलावर 'चंदन तेलातलं गुलाब अत्तर' असं लिहून मागा. माझ्या चिठ्ठीवर फक्त '४ नग' आणि आकडा आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचाच आला.

तीन बाटल्या कपाटात आहेत. चौथी सासूबाईंनी शिलाई मशीनला घातली. मशीन छान चालतंय.